शिट्टी वाजेपर्यंत

अंबाबाईची शपथ, तुळजाभवानीची शपथ, आणि ज्यांना देवाच्या शपथा पुरत नाहीत त्यांच्यासाठी पोटच्या पोरांची शपथ! या प्रकरणातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर जीभ झडो. पुरावासुद्धा आहे. भाग्यलक्ष्मीच्या एसटीडी बूथातल्या मशीननं छापलेली चिठ्ठी भामाच्या पितळी डब्यात, हळकुंडांच्या खाली आजही पडलेली आहे. शाई उडत चाललीय, पण तारीख वाचता येते. तेरा मार्च एकोणीसशे चौऱ्याण्णव. रविवार.

त्याच रविवारी अंबर स्पोर्टिंग आणि हिमायत यूथ समोरासमोर येणार होते. जिंकेल तो वरच्या डिव्हिजनला जाणार, हरेल तो पुन्हा वर्षभर धूळ खाणार. जागा एकच.

सकाळचे साडेसात. भामा न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून देवापुढं बसली होती. काडीपेटीतून काडी काढली, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"भामाम्मा! ओ भामाम्मा! देगलूर साइडसे फोन था. कोई अंबाजी. नंबर दिया, वापस करो बोला. अर्जंट बोला."

भामानं काडी परत पेटीत ठेवली. दिवा तसाच राहिला.

भाग्यलक्ष्मीचं बूथ म्हणजे तिच्याच घराच्या ओट्यावर उभी केलेली काचेची पेटी. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. अंबरपेठेतल्या त्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत जन्म, मरण, लग्नाचे होकार सगळे त्याच पेटीतून आले होते. भामा आत शिरली, दार ओढून घेतलं, नंबर फिरवला.

अंबाजी म्हणजे करडगावचा शेजारी. थोरल्या भाऊजींचं, म्हणजे दत्तोबांचं, शेत आणि म्हातारपण दोन्ही तोच बघायचा.

"वैनी? दत्तोबा गेले. पहाटं. झोपेतच."

भामानं काचेला हात टेकला.

"कुलदीपला लावून द्या," अंबाजी म्हणाला. "आग त्याच्या हातची, हे ठरलेलं."

"आज मॅच आहे रे त्याची."

"तेच तर सांगतोय. राती चांगले शुद्धीत होते. म्हणाले, उद्या पोराची फायनल. मला काही झालं तर शिट्टी वाजेपर्यंत त्याला सांगू नका. खेळून येऊ द्या. तोवर मी पडून राहतो, मला कुठली घाई."

भामाला हसू आलं, आणि त्याच हसण्याचं मधेच रडू झालं. थोरले भाऊजी बोलायचे ते अस्संच.

"उद्या सकाळपर्यंत थांबाल?"

"थांबतो. लिंबाचा पाला घालतो, बर्फ आणवतो. पण ऊन चढायच्या आत या, वैनी. त्याच्यापुढं नाही थांबता येणार. मग मलाच द्यावी लागंल आग."

लाईन तुटली. मशीन घरघरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. भामानं ती कमरेला खोचली.

"क्या हुआ अम्मा?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"कुछ नहीं. मैच कब है पूछ रहे थे."

भाग्यलक्ष्मीनं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. "झूट कायकू बोलते, अम्मा? मेरेकू थोडीच सुतक लगता."

मग भामा तिच्या ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडून घेतलं. जेवढं रडायचं तेवढं तिथंच. घरात न्यायचं नव्हतं.

दत्तोबा पोलिसात होते आणि अनवाणी खेळायचे. एकदा त्यांनी मारलेला चेंडू मुसी नदी ओलांडून गेला आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या रिकाम्या हंड्यात बसून परत आला. हसायचं काम नाही, शपथ घातलीय मी. धाकट्या दोघा भावांना, नामदेवरावांना आणि केशवरावांना, हाताशी धरून त्यांनीच क्लब काढला होता. पुढं केशवराव हिमायतनगरला राहायला गेले आणि जाताना सामानाबरोबर क्लबातले आठ खेळाडूही घेऊन गेले. झाले दोन क्लब. चौदा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. ते बघवेना म्हणून दत्तोबा गावी निघून गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको तरणीच गेलेली. पण दर उन्हाळ्यात नामदेवराव-भामाचा कुलदीप त्यांच्याकडं असायचा.

विहिरीकाठची ओली माती मळून दत्तोबा तिचा चेंडूएवढा गोळा करायचे आणि पोराकडं फेकायचे. झेलताना फुटला की पुन्हा मळायचा, पुन्हा फेकायचा. "धरायचं नाही रे, घ्यायचं. बाळंतिणीच्या हातून पोर घेतात तसं." असा कुलदीप गोलकीपर झाला. बारा वर्षांचा असताना एका संध्याकाळी दत्तोबांनी त्याला विचारलं होतं, "मला आग देशील का रे तू?" आणि त्यानं "देईन की" म्हणून हातातला गोळा परत फेकला होता.

आता तो चोविसाचा होता. केबलवाल्याकडं कामाला. छपराछपरांवरून तारा ओढून घरोघरी वीस वीस चॅनेल पोचवायचा, आणि त्याच चॅनेलांपायी मैदानावर माणूस फिरकेनासा झाला होता. त्या दिवशी मात्र सरकारी कारखान्याचे दोन साहेब येणार होते. कारखान्याच्या टीमला एक गोली हवा होता, पक्क्या नोकरीवर. जो क्लब वर जाईल त्याचा गोली घेणार, असं त्यांनी दोन्ही क्लबांना कळवलं होतं. आणि पुढच्या वर्षीपासून भरतीच बंद. दिल्लीचं नवं धोरण आलं होतं ना, नामदेवराव रोज पेपर वाचून घरादाराला ऐकवायचे.

सकाळी सांगितलं तर पोरगा पहिल्या बसनं जाईल, दुपारी आग देईल, आणि जन्मभर छपरांवर तारा ओढेल. नाही सांगितलं तर खेळेल, आणि संध्याकाळी सहाच्या शेवटच्या देगलूर बसनं निघेल. भामानं हिशेब केला. साडेतीनला मॅच, सव्वापाचला संपणार. बसतं.

राहिलं सुतक. भामाच्या सासूनं तिला शिकवलं होतं, की सुतक कानावाटे येतं. ज्याला कळलं त्याला लागलं, ज्याला ठाऊक नाही तो मोकळा. म्हणजे सगळ्या घराण्याचं सुतक त्या सकाळी एकट्या भामाच्या अंगावर होतं. तिनं कुणाला शिवायचं नाही, देवापुढं दिवा लावायचा नाही. आणि हे सगळं कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. नवऱ्याच्यासुद्धा नाही. नामदेवराव पहाटेच मैदानावर गेले होते, तेवढं एक सोपं झालं.

दोन वाजता कुलदीप बॅग घेऊन पुढं आला आणि नेहमीसारखा उजवा तळवा पुढं केला. मॅचच्या दिवशी भामा त्यावर दही-साखर ठेवायची. मग जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून त्याच्या बोटांना एकेक करून बांधायची.

"आज भाग्यलक्ष्मी देईल दही," भामा म्हणाली.

"का?"

"हात भाजलाय माझा."

"कुठं? बघू."

"बघत बसायला वेळ आहे का तुला? मुकाट्यानं खा."

भाग्यलक्ष्मीनं दही दिलं. चिंध्या भामानं स्टुलावर ठेवल्या होत्या. कुलदीपनं एक टोक दातात धरून त्या स्वतःच बांधल्या. बांधता बांधता तो देवांच्या फळीकडं बघत होता. मग आईकडं बघितलं.

पाया पडायला वाकला तशी भामा दोन पावलं मागं सरली. तो वाकलेलाच राहिला. जिथं तिचे पाय होते तिथल्या शहाबादी फरशीला त्यानं हात लावला, तो कपाळाला लावला, आणि गेला.

मैदानावर नामदेवराव चुन्याचं डबडं घेऊन शेवटची रेघ ओढत होते. पायजम्याला, चपलांना, मिशांना चुना.

"बघ कशी आली! दोरी लावली नाही. दादानं शिकवलेला हात आहे हा." त्यांनी डबडं खाली ठेवलं. "दादा यायला पाहिजे होता आज. पत्र टाकलं होतं मी. गुडघे धरलेत म्हणाला."

"हं," भामा म्हणाली.

"अशी लांब का उभी? सावलीत ये."

"बरी आहे मी."

ती पायऱ्या चढून लाकडी बाकांवर गेली. एका कडेला अंबरपेठवाले, दुसऱ्या कडेला हिमायतनगरवाले, मधे पाच-सहा बाकं रिकामी. त्या रिकाम्या बाकांवर जाऊन भामा बसली. समोरून मंगला बघत होती. केशवरावांची बायको, भामाची धाकटी जाऊ. मांडीवर पेढ्यांचा पुडा. चौदा वर्षांत दोघी भेटल्या त्या लग्नांत आणि तेराव्यांना. भामानं मानेनं खूण केली. मंगलानं आधी नवऱ्याकडं बघितलं. केशवराव पांढरी टोपी घालून रेघेपाशी ओरडत होते. मग ती उठून आली.

"काय भामाक्का? आज इकडं कशी आठवण?"

"थोडं लांब बस. शिवू नको मला."

मंगलाचा हात पुड्यावरच थांबला. "कोण?"

"थोरले भाऊजी. पहाटे."

मंगला हातभर लांब, बाकाच्या टोकाला बसली. तिच्या लग्नात तिची पाठवणी करताना बाप रडला नव्हता एवढे दत्तोबा रडले होते, आणि ते मुलाकडचे होते.

"घरात कुणाला ठाऊक आहे?"

"तुला आणि मला."

"आणि दादांना? नामदेवदादांना? त्यांचा सख्खा भाऊ, भामाक्का!"

"तुझ्या नवऱ्याचाही."

"मग मला कशाला सांगितलंस? आता मलाही लागलं की." मंगलानं पुडा उचलून बाकाखाली सरकवला. "मारुतीला ठेवणार होते हे. आता चालायचे नाहीत."

"एकटीला पेलवेना गं," भामा म्हणाली. "भाऊजींनीच सांगून ठेवलंय, शिट्टी वाजेपर्यंत पोराला सांगू नका म्हणून. अंबाजी बोलला फोनवर."

"देगलूरची लाईन एवढं बोलू देते?" मंगला म्हणाली. "आमची तर हॅलो म्हणेपर्यंत तुटते."

भामानं कमरेची चिठ्ठी आणखी आत खोचली. खाली शिट्टी झाली. मॅच सुरू झाली.

पहिल्या अर्ध्या तासात हिमायतवाल्यांनी चार वेळा गोलवर मारलं आणि चारही वेळा कुलदीपनं चेंडू छातीशी घेतला. आवाज नाही, उडी नाही. घेतला आणि ठेवला. पलीकडं मंगलाचा मंदार नऊ नंबर घालून धावत होता, त्याचेच दोन फटके होते त्यात. कारखान्याचे साहेब खुर्च्यांवर पुढं सरकून बसले. अंबरपेठवाले ओरडले, "वाह मियाँ, वाह! गोली है की दीवार है!"

हाफटाइमला मंगला म्हणाली, "मी आत्ता खाली जाऊन कुलदीपला सांगितलं तर?"

"सांग. मग मंदारलाही सांग. तोही पुतण्याच आहे, त्यालाही तेवढंच लागतं."

"मंदारला काय त्याचं? तो कॉम्प्युटर शिकतोय. दोन वर्षांत अमेरिकेला जाईन म्हणतो. ही मॅच म्हणजे त्याच्या बापाचा हट्ट." ती थांबली. "पण त्या बापाबरोबर घरात मला राहायचंय, भामाक्का. आज हरले तर वर्षभर ताटं आपटतील."

"मग जा."

मंगला उठली. दोन पायऱ्या उतरली. खाली मंदार आणि कुलदीप दोघंही एकाच नळावर पाणी पीत होते, एकमेकांकडं न बघता, आळीपाळीनं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन बसली. या खेपेला भामाला खेटून. दोघींना लागलेलंच होतं, आता शिवायचं कशाला राहिलं!

"दोघांना सांगायचं तर सांगू," ती म्हणाली. "नाहीतर कुणालाच नाही."

नंतर अंबरनं एक गोल केला, मग हिमायतनं एक केला. तो कुलदीपच्या हाताला लागून गेला. सव्वापाच वाजले, शिट्टी झाली. एक-एक.

"झालं ना आता?" भामा उठलीच.

"कुठलं? एक्स्ट्रा टाइम," मंगला म्हणाली. "अजून अर्धा तास."

भामाला हे ठाऊक नव्हतं. तीस वर्षं फुटबॉलच्या घरात काढली, पण फायनल बरोबरीत सुटली की पुढं काय होतं हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. सकाळच्या सगळ्या हिशेबात तेवढं एक राहिलं होतं. ती परत बसली. गौलीगुड्याचा स्टँड रिक्षानं वीस मिनिटं. पावणेसहा झाले. सहाला पाच कमी झाले. खाली पोरं पाय ओढत धावत होती, आणि तिकडं देगलूरची बस स्टँडातून निघायच्या बेतात असेल. भामाच्या डोळ्यापुढं करडगावचा ओटा आला, लिंबाचा पाला आला, अंबाजी उन्हाकडं बघत उभा असलेला दिसला.

"मी काय करून बसले गं मंगल," ती म्हणाली.

मंगलानं तिचा हात हातात घेतला.

अर्ध्या तासातही कुणाचा गोल झाला नाही. मग पाच-पाच पेनल्टी. मंदारची तिसरी होती. त्यानं सगळा जोर लावून डाव्या कोपऱ्यात मारली. कुलदीप आडवा झाला आणि चेंडू मातीवर टेकायच्या आत त्यानं हातांत घेतला. घेऊन तसाच पडून राहिला, इतका वेळ, की रेफरीला जाऊन तो मागून घ्यावा लागला. अंबरपेठवाले बाकांवर नाचत होते. पण पुढं अंबरच्या एकाचा फटका वरून गेला आणि शेवटच्याचा खांबाला लागला. संपलं. चार-तीन. हिमायत यूथ वर गेले. कारखान्याचे साहेब उठले, हिमायतच्या गोलीचा हात हातात घेतला, आणि जीपमध्ये बसून निघून गेले. त्यांच्या डोक्यात हरलेल्याचा गोली कशाला राहील?

शेवटची शिट्टी वाजली होती. भामा पायऱ्या उतरून गोलपाशी गेली.

कुलदीप खांबाला टेकून बसला होता. बोटांच्या चिंध्या सोडत होता.

"आई," तो म्हणाला, "किती वाजता गेले?"

भामाचे पाय जागीच थांबले. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही." त्यानं एक चिंधी गुंडाळून ठेवली. "देवापुढं दिवा नव्हता. तू शिवली नाहीस. आणि मॅचच्या दिवशी तू माझ्यापासून लपवशील असं माणूस मला एकच आहे."

"मग गेला का नाहीस रे?"

"कुणी सांगितलं नव्हतं ना! ज्याला सांगितलं नाही त्याला सुतक नाही, तूच शिकवलंस. दिवसभर तेच म्हणत होतो मी मनात. मला कुठं काय माहीत आहे. मला कुठं काय माहीत आहे." त्याचा आवाज फाटला. "ते तिकडं एकटे पडलेत आणि मी इथं बॉल घेतोय. माझी नोकरी, माझी नोकरी करत. आणि ती पण नाही मिळाली. काय तोंड दाखवू आता?"

भामा त्याच्यासमोर मातीत बसली. आणि त्याला तो निरोप सांगितला. रात्री शुद्धीत होते. म्हणाले, उद्या पोराची फायनल. शिट्टी वाजेपर्यंत सांगू नका. तोवर मी पडून राहतो, मला कुठली घाई.

कुलदीपनं तिच्याकडं बघितलं. "असं म्हणाले?"

"अस्संच."

"मला कुठली घाई, असं?"

"हो रे."

त्याच्या तोंडावर आधी हसू आलं. मग त्यानं गुडघ्यात डोकं घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. भामानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता शिवायला हरकत नव्हती.

नामदेवराव आले ते हरल्याच्या रागात. बायको मातीत, पोरगा रडतोय. "अरे, मॅचच होती, कुणी मेलंय का?" म्हणाले, आणि कुणी काही बोललं नाही तसे थांबले. मग भामानं सांगितलं.

त्यांनी स्वतःच्या पायजम्याकडं बघितलं. "सकाळी साडेसातला? माझा भाऊ गेला, आणि तू मला दिवसभर चुना ओढू दिलास?"

"हो."

"तीस वर्षं संसार केला तुझ्याशी मी!"

"ओरडा," भामा म्हणाली. "चुकलंच माझं. बस पण गेली."

तोवर मंगलानं पलीकडं केशवरावांना सांगितलं होतं. गळ्यात झेंडूचा हार घातलेले केशवराव मैदान ओलांडून आले. येता येता हार काढला, टोपी काढली, आणि चौदा वर्षांनी भावासमोर उभे राहिले.

"दादा, गाडी आहे माझी. चल."

"तुझ्या गाडीत?"

"मग काय हिच्यावर ओरडत इथंच उभा राहणार? वहिनीची चूक असेल तर त्यात मीही आहे. सकाळी मला कळलं असतं तर मी पोरांना खेळू नका म्हटलं असतं? नसतं म्हटलं. मला जिंकायचं होतं." त्यांनी हातातला हार टोपीत कोंबला. "तूही नसतं म्हटलं, दादा. खरं सांग."

चुन्याचं डबडं उचलून नामदेवरावांनी ते गोलच्या मागं नीट ठेवलं, आणि केशवरावांच्या गाडीकडं चालायला लागले. मंदार पळत पळत आपल्या चपला घेऊन आला. "कुलदीपदादा, बूट काढ, हे घाल." कुलदीपनं बूट काढले. चपला घेतल्या नाहीत. अनवाणीच गाडीत बसला.

बायका मसणात जात नाहीत. भामा आणि मंगला दोघी मैदानातून अंबरपेठेपर्यंत चालत गेल्या. वाटेत मंगलानं पेढ्यांचा पुडा एका रिक्षावाल्याला देऊन टाकला.

पुढचं नामदेवरावांनी सांगितलेलं. ऊन चढायच्या आत चौघं पोचले होते. कुलदीपनं आग दिली. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेरे घातले. दर फेऱ्याला अंबाजीनं दगडानं मडक्याला एक भोक पाडलं, आणि पाणी त्याच्या पाठीवरून वाहत राहिलं. तिसऱ्या फेऱ्यानंतर मागं न बघता मडकं टाकायचं असतं. कुलदीप उभाच राहिला. बोटं सुटेनात. सगळं गाव बघतंय, पाणी संपलं, तरी मातीचं ते मडकं तो तसाच धरून, पोर घेतल्यासारखा. शेवटी केशवराव जवळ गेले आणि हलकेच म्हणाले, "सोड बाळा. हे फुटू द्यायचं असतं."

मग त्यानं सोडलं.

तेराव्याला सगळे करडगावी जमले. दोघे भाऊ एका पंगतीत, शेजारी शेजारी, आणि वरणात मीठ नाही म्हणून दोघे मिळून आचाऱ्यावर ओरडत होते. कारखान्याची भरती खरंच बंद झाली होती. कुलदीप येईल त्याला मोठेबाबांचा, म्हणजे दत्तोबांचा, निरोप सांगत होता. "शिट्टी वाजेपर्यंत सांगू नका म्हणाले. तोवर मी पडून राहतो, मला कुठली घाई." ऐकणारा हसायचा आणि डोळे पुसायचा. कुलदीप आता ताठ बसत होता, जेवत होता.

"अंबाजीकाकांनीच तर फोनवर सांगितलं आईला," तो म्हणाला. "हो ना काका?"

अंबाजी खांबाला टेकून चहा पीत होता. त्यानं कप खाली घेतला. चुलीपाशी बसलेल्या भामाकडं बघितलं. भामा भाकरी थापायची थांबली.

"हौ," अंबाजी म्हणाला. "अगदी तस्संच म्हणाले." आणि राहिलेला चहा एका घोटात संपवला.

आता ती चिठ्ठी. शपथ घातलीय तर सगळंच सांगते. तारखेच्या खाली आणखी एक आकडा आहे, बोलणं किती वेळ चाललं त्याचा. अडतीस सेकंद. अडतीस सेकंदांत काय काय बसतं? दत्तोबा गेले, पोराला पाठवा, मॅच आहे, उद्या सकाळपर्यंत थांबा, बरं, ऊन चढायच्या आत. एवढंच. निरोप त्यात बसत नाही. दत्तोबा झोपेतच गेले, रात्री कुणाशी काही बोलले नव्हते. तो निरोप भामानं त्या दुपारी बाकावर बसल्या बसल्या अर्धा रचला, आणि पोराचं तोंड बघून गोलपाशी पुरा केला. पेटीत एकच माणूस मावतो आणि रिसीव्हर एकाच कानाला लागतो, मग हे मला कसं ठाऊक, ते विचारू नका.

बाकी सगळं खरं आहे. मुसीपार गेलेला चेंडूसुद्धा. फक्त हे एवढं कुलदीपला सांगू नका.